‘आम्ही आहोत ना’ म्हणजे नेमकं कोण?

(पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ३८. नवरा शेती करतो, सात एकर, त्यातलं दोन एकर ओलिताचं. कापूस, तूर, थोडा गहू. मोठा मुलगा नववीत, धाकटी मुलगी सहावीत. सासरे म्हणजे मामाजी ७१ वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना पार्किन्सन्स म्हणजे कंपवात सांगितला, तेव्हापासून लेव्होडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. पोटाला लागू नये म्हणून ती जेवल्यावर देतात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि सगळं या ताईंवर आलं. सकाळी उठवणं, संडासला नेणं, जेवू घालणं, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठवणं. मामाजी झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. महिन्याभरात दोनदा पडले. हल्ली दिवेलागणीला त्यांना अंगणात लहान पोरं दिसतात, म्हणून शेजारपाजारचे ‘बाहेरचं पाहून घ्या’ म्हणतात. सगळ्यात अवघड आंघोळ. ज्यांच्यासमोर आजही डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांना आंघोळ कशी घालायची? नवरा पहाटे वावरात जाण्याआधी घाईत उरकतो, नाहीतर तीन-तीन दिवस राहून जाते. ताईंची शिलाई मशीन वर्षभर कापडाखाली झाकलेली आहे.

पुण्याचा दीर महिन्याला पाच हजार पाठवतो आणि फोनवर सांगतो, ‘नर्स ठेवा.’ नागपूरच्या एका एजन्सीने चोवीस तासांच्या माणसाचे २२ हजार सांगितले, राहणं-जेवणं वेगळं. नवरा म्हणतो, ‘आम्ही आहोत ना, बाहेरचा माणूस कायले? लोक काय म्हणतील?’ त्याला असंही वाटतं की बाबा नाटक करतात, कारण सकाळी दहाला ते आपल्या पायाने पारावर जाऊन बसतात आणि बाराला बाजेवरून उठत नाहीत. मामाजींचं एकच, ‘मले परक्याचा हात नको.’ ताईंनी दोन प्रश्न विचारले आहेत: माणूस ठेवावा का? आणि ठेवावासा वाटतो म्हणजे मी वाईट सून आहे का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाला एक शब्द पुरे: नाही. बाकीचं सगळं पहिल्या प्रश्नासाठी.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले. ती तुम्ही यजमानांची तक्रार म्हणून सहज लिहून गेलात: दहाला पारावर, बाराला बाजेवर. माझ्या वडिलांना हाच आजार होता. मी त्यांना एकदा म्हणाले होते, ‘काल तर जिना चढलात, आज काय झालं?’ ते काही बोलले नाहीत. या आजारात चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात, त्यामुळे त्यांना लागलं का हेही मला त्या वेळी दिसलं नाही. तेव्हा यजमानांवर रागावू नका, मीही त्याच शाळेतली.

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या आतल्या एका लहानशा भागातल्या पेशी मरत जातात. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरू करायला आणि ती सफाईने करायला ते लागतं. हात थरथरतो आहे हे घरच्यांच्या लक्षात येतं, तोवर त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. लेव्होडोपाची गोळी ही उणीव भरून काढते. पहिली काही वर्षं तीन गोळ्यांवर दिवस सरळ निघतो. पुढे गोळीचा असर लवकर उतरायला लागतो. घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने माणूस मोकळा होतो, दोन-तीन तास चालतो-बोलतो आणि पुढच्या गोळीची वेळ यायच्या आधीच आखडतो. डॉक्टर याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात.

यजमानांना हे थ्री फेजच्या भाषेत सांगा. लाइन आहे तोवर मोटार पाणी फेकते. लाइन गेली की बटण कितीही दाबा, मोटार हलत नाही. तेव्हा ‘मोटार नाटक करते’ असं गावात कोणी म्हणत नाही. लाइनची पाळी कधी आहे ते पाहून ओलिताचं काम लावतात. मामाजींच्या दिवसाचंही तसंच लावायचं आहे, आणि माणूस ठेवायचा की नाही हे त्याच्यानंतर पाहायचं. तुमच्या घरात हे उलट्या बाजूने सुरू झालं: आधी नर्स की सून हा वाद, आणि काम नेमकं कोणत्या तासाला आहे हे कोणी मोजलेलंच नाही.

म्हणून आधी एक वही करा. आठ दिवस पुरे. गोळी किती वाजता दिली, जेवण किती वाजता झालं, किती वाजता हातपाय मोकळे झाले, किती वाजता आखडले, कुठे पडले किंवा पडता पडता वाचले, रात्री किती वेळा उठवावं लागलं आणि कोण उठलं. शेवटचा रकाना गाळू नका. ही वही तुम्ही लिहू नका, नववीतल्या मुलाला लिहू द्या. आजोबांच्या जवळ बसायला त्याला एक निमित्त होईल, आणि ‘कोण उठलं’ या रकान्यात आठ दिवस एकच शब्द लिहिताना त्याच्या काय लक्षात यायचं ते येईल. वही त्याच्या बापाच्याही हाती पडेलच.

‘आम्ही आहोत ना.’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे. प्रेमाने म्हणतात, खोटं बोलत नसतात. पण त्या ‘आम्ही’तली माणसं मोजायला बसलं तर बहुतेक घरांत एकाच बाईचं नाव निघतं.

वहीचा दुसरा उपयोग डॉक्टरांसमोर. ओपीडीत मिळतात पाच मिनिटं, आणि रुग्ण नेमका ‘ऑन’ असताना आत जातो. डॉक्टरांना ठीकठाक चालणारा माणूस दिसतो. वही आणि मोबाइलवर काढलेले दोन व्हिडिओ, एक दहाचा आणि एक बाराचा, एवढं दाखवलं तर गोळ्यांच्या वेळा जवळ आणायच्या की मात्रा बदलायची हे त्यांना ठरवता येतं. तुम्ही एवढ्यात डॉक्टरांना एकच बदल विचारून घ्या. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने शरीरात जातात, आणि गर्दीत गोळी मागे राहते. वरण, चून (पिठलं), दूध, अंडी यांच्यावर गोळी घेतली की असर उशिरा येतो, कमी येतो. म्हणून ती साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्यासोबत घेतात. मळमळलं तर भाकरीचा कोरडा तुकडा चालतो. वरण बंद करू नका, मामाजींचं अंग आधीच उतरत असेल. फक्त दोघांच्या वेळा वेगळ्या करा. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपासोबत देऊ नका. मला वाटतं, एवढ्या एका बदलानेही तुमची दुपार थोडी हलकी होईल.

आता आंघोळ. मामाजी सकाळी दहाला पारावर चालत जात असतील, तर दहाला ते आपल्या हाताने आंघोळही करू शकतील. आज ती पहाटे होते, म्हणजे रात्रभर औषध अंगातून उतरल्यावर, दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी, तेही घाईत. कारण ती यजमानांच्या वावराच्या वेळेला बांधली आहे. ती गोळीच्या वेळेला बांधा. न्हाणीत पाठ असलेली, हात टेकायला असलेली जड खुर्ची ठेवा (हलकी प्लास्टिकची घसरते), खाली खरखरीत रबरी चटई, बादली स्टुलावर, लांब दांड्याचा मग. पाठीला साबण लावायला आणि उठताना आधाराला एक पुरुष हवा, दारापाशी. म्हणजे तुमचा पदराचा प्रश्न तुम्ही सोडवायचाच नाही. तो वेळापत्रकाने सुटतो, आणि पुरुषाच्या एका हाताने.

तो हात कुणाचा? नर्सचा नको. नर्स लागते ती सलाइन, इंजेक्शन, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग यासाठी, आणि यातलं काहीही आज मामाजींना नाही. शिवाय एजन्सी ज्यांना नर्स म्हणून पाठवते, ते बरेचदा अटेंडंट असतात. त्यात वाईट काही नाही, पण पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावं. शहरातून आलेला परका माणूस तुमच्या चार खोल्यांच्या घरात चोवीस तास वावरणार, त्याचंही जेवण तुम्हीच रांधणार, आणि पंधरा दिवसांत तो कंटाळून जाणार. दिराला वाटतं पैसे दिले की प्रश्न मिटला. तुमच्या कामात मात्र एका माणसाच्या भाकरींची भर पडेल.

वहीतून बहुधा असं दिसेल की हात लागतो सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास. एवढ्यासाठी गावातलाच माणूस पाहा. पन्नाशीचा, जड काम आता होत नाही पण अंगात ताकद आहे असा, शांत आणि दारू न पिणारा. (हे आपल्याकडे वेगळं लिहावं लागतं.) साडेतीन तास म्हणजे साधारण अर्धा रोज. गावात पुरुषाचा रोज साडेतीनशे असेल तर महिन्याचा हिशेब पाच हजारांच्या जरा वर जातो, म्हणजे दीर पाठवतो तेवढ्यात जवळजवळ बसतो. रोजावर ठेवू नका, महिन्याने बांधा, म्हणजे वावरात जास्त भाव मिळाला की तो पळणार नाही. महिन्याला दोन सुट्या आधीच ठरवा आणि त्या दिवशी कोण, हेही. पगार दिराने थेट त्याच्या खात्यावर पाठवला तर आणखी बरं. हा माणूस वहिनीच्या सोयीसाठी ठेवलेला नसून बाबांसाठी आहे, हे पैशाच्या वाटेवरूनच घरात कळतं.

आणि आडपडदा न ठेवता एक सांगते. माणूस शोधताना जातीची चाळणी लावली तर तो मिळणार नाही. तुम्ही लिहिलं नाही, पण ‘परक्याचा हात’ म्हणताना कधी कधी हेच मनात असतं. पत्रात तुम्ही एका ओळीत सांगितलं आहे की मामाजी गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. जातिभेद न मानणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला ज्यांनी वर्षानुवर्षं हजेरी लावली, त्यांच्याशी यावर बोलता येईल असं मला वाटतं.

तर ‘मले परक्याचा हात नको’ हे ते कधी म्हणाले? मला शंका आहे की पहाटे, आखडलेल्या अंगाने, थंड न्हाणीत उघडं बसलेलं असताना. त्या वेळी मीही हेच म्हणाले असते. त्यांना सकाळी दहा-साडेदहाला विचारा, पारावर जाण्याआधी, कपडे घालून नीट बसलेले असताना. ‘माणूस ठेवायचा आहे’ असं सांगू नका. ‘कोण चालेल?’ असं विचारा. दोन-तीन नावं त्यांनाच घेऊ द्या. भजनातला जुना साथीदार, वर्षानुवर्षं दाढी करणारा, पूर्वी घरी सालदार राहिलेला. ज्याचा हात आधीपासून ओळखीचा आहे असा माणूस गावात असतोच. यजमानांनी विचारावं, तुम्ही नाही. आणि उत्तराला वेळ द्या. या आजारात आवाज बारीक होतो, विचार जिभेवर यायला उशीर लागतो, आणि घरचे तोवर वाक्य पुरं करून मोकळे होतात. मामाजींची बरीचशी ‘नाही’ ही खरं तर त्यांना पुरं न करू दिलेली वाक्यं असतील.

माणूस ठरला की त्याला शिकवावं लागेल. सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळचं सरकारी मेडिकल, जे जवळ पडेल तिथल्या फिजिओथेरपिस्टकडे पुढच्या वेळी तुम्ही जाऊ नका. यजमान आणि तो माणूस जाऊ द्या. बाजेवरून उठवताना हात ओढायचे नाहीत, काखेत हात घालून उचलायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपरावर भार देऊन बसतं करायचं, आणि मिनिटभर बसू द्यायचं. या आजारात आणि त्याच्या औषधांनीही उभं राहिल्यावर ब्लडप्रेशर एकदम उतरतं, त्यामुळे झटकन उठवलेला माणूस तिथेच कोसळतो. आपल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की हे आणखी होतं. खुर्चीतून उठताना पुढे सरकून, पाय मागे घेऊन, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकून मग उठायचं. फिजिओथेरपिस्टने दाखवलं की मोबाइलवर शूट करून घ्या.

उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का? तुम्ही लिहिलं नाही, पण दोनदा पडले त्यात एकदा तरी दारात पडले असतील. अशा वेळी मागून ढकलायचं नाही, पुढून ओढायचं नाही. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचं आणि आकडे मोजत किंवा तालावर पाऊल उचलायचं. आजाराने आपोआप चालण्याची वाट बिघडवलेली असते, पण तालाला किंवा डोळ्यांसमोरच्या रेघेला पाऊल बरेचदा साथ देतं. दारापाशी आणि न्हाणीच्या वाटेवर चुन्याच्या आडव्या रेघा मारा, पावला-पावलाच्या अंतराने; त्या ओलांडत चालायचं. आणि मामाजींकडे तर ताल आहेच. त्यांची खंजिरी माळ्यावर पडली असेल तर काढा. त्यांचे हात आता जोमाने वाजवणार नाहीत, पण दुसऱ्याने ठेका धरला तर पाय उचलतील. हे मी गोडवा म्हणून सांगत नाही. संगीताच्या ठेक्यावर चालण्याचा सराव फिजिओथेरपीत खरोखर देतात.

घरातल्या चार वस्तू बदलाव्या लागतील. सुताची बाज मध्ये खोल जाते, त्यातून कुशीवर वळणंही त्यांना डोंगर चढण्यासारखं होत असेल. गुडघ्याइतक्या उंचीचा पक्का दिवाण आणि कडक गादी हवी. कमरेखाली जुनी सिंथेटिक साडी अंथरली तर अंग सरकतं आणि वळायला सोपं जातं. मात्र काठावर अंथरू नका, तिथे बसताना घसरतील. धोतर पायात अडकतं. इलास्टिकचा पायजमा आणि बटणांऐवजी वेलक्रो लावलेली बंडी तुम्ही तासाभरात शिवाल, पण मशीन उघडलीच आहे तर आधी बाहेरचं पैशाचं काम शिवा. युरिन पॉट मेडिकलमध्ये मिळतो. रात्री तो दिवाणाजवळ असला तर अंगणातल्या संडासापर्यंतच्या अंधाऱ्या फेऱ्या बऱ्याच वाचतील.

रात्र मात्र त्या माणसाकडे देता येणार नाही, आणि ती तुमच्याकडेही राहू नये. रात्र यजमानांची. ते दिवसभर वावरात राबतात हे मला कळतं, आणि तुम्ही दिवसभर काय करता हे वहीत येईलच. निदान एक दिवसाआड. मामाजींच्या खोलीत पुरुष झोपलेला असला की झोपेतलं ओरडणंही सोपं जातं. त्यात बाहेरचं काही नाही. आपण स्वप्न पाहतो तेव्हा अंग ढिलं पडतं. या आजारात ती कळ बिघडते आणि माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर हातपाय झाडून करतो. दिवाणाशेजारी खाली गादी टाका, टोकदार-कठीण वस्तू दूर करा, आणि डॉक्टरांना सांगा, यावर औषध आहे.

अंगणातली पोरं हाही आजाराचा किंवा गोळ्यांचाच भाग असण्याची शक्यता मोठी. वाद घालू नका, ‘हो हो, मलाही दिसतात’ही म्हणू नका. ‘मला दिसत नाहीत मामाजी, पण तुम्हाला भीती वाटते का?’ एवढं विचारा आणि दिवा लावा. अंधुक उजेडात हे जास्त होतं. मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं. किंवा नागपूरला फोन करा. भास एकाएकी वाढले, सोबत ताप किंवा गोंधळ असला, तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं असू शकतं, आणि ते लगेच दाखवायचं. भगताकडे नेण्यात एक रात्र घालवू नका.

वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘रुग्णाला पार्किन्सन्स आहे.’ खाली ही नावं: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल. उलटी, चक्कर, अस्वस्थपणा यांवर ही औषधं गावोगावी सहज दिली जातात, आणि डोपामिनच्या कामात अडथळा आणून ती पार्किन्सन्स वाढवतात. डॉक्टर कोणतेही असोत, पुठ्ठा आधी दाखवा. दुसरं म्हणजे लेव्होडोपा अचानक बंद करायची नाही, ‘दोन दिवस गोळ्या संपल्या होत्या’ असंही होऊ द्यायचं नाही. त्याने अंग ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो आणि ते जिवावर बेततं. पावसाळ्यात नाला चढला की तुमचा रस्ता बंद होत असेल, म्हणून पंधरा दिवसांचा साठा घरात हवाच. जन औषधी केंद्रात स्वस्त मिळते का ते विचारा, पण बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तिसरं, कोणी खाजकुयलीच्या बियांची, कवचबीजाची पावडर आणून देईल. तिला थोतांड म्हणता येत नाही, त्या बियांत लेव्होडोपा खरोखर असतं. म्हणूनच गोळ्यांवर आणखी ती पावडर, किती ते न मोजता, द्यायची नाही.

जेवताना ठसका लागतो का तेही पाहा. ताठ बसवून, लहान घास, घाई नाही. पातळ पाण्यापेक्षा दाट आंबील सोपी जाते. ठसका वाढला की अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

पुण्याला नेण्याचा पर्याय दीर सुचवतील किंवा तुम्ही सुचवाल. डॉक्टर जवळ, लिफ्ट, सगळं खरं. पण दहा वाजताचा पार पुण्यात नाही, आणि या आजारात चालणं व माणसांत बसणं हेही औषधाइतकंच लागतं. मी आज तरी नेऊ नका म्हणेन. उलट, नणंद-दीर असतील त्यांनी वर्षातून पंधरा-पंधरा दिवस तुमच्या घरी येऊन राहावं आणि तेव्हा तुम्ही माहेरी जावं. येणाऱ्याला मामाजींच्या गोळ्यांचं घड्याळ वहीत मिळेल. पुढे कधी गिळणं बंद पडलं, अंथरूण धरलं, तर नर्सचा विचार, शुश्रूषा केंद्राचा विचार तेव्हा करावा लागेल. तो तुमच्या सेवेचा पराभव समजू नका.

कागदांचं थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स दिव्यांगत्व म्हणून धरलेला आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी होते, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व निघालं तर योजनांची दारं उघडतात. तपासणीला वही न्या. उत्पन्न बसत असेल तर संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी तहसीलला विचारा. मामाजी सत्तरीच्या पुढे आहेत, तेव्हा आयुष्मानचं वय वंदना कार्ड उत्पन्न न पाहता निघतं, पण ते भरती झाल्यावरच्या खर्चाला. रोजच्या गोळ्यांना नाही. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, तुम्हालाही महिला म्हणून अर्धंच. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे रुग्ण-कुटुंबीयांचे गट आहेत. दीर पुण्यात आहे, त्याला एकदा तिथे जाऊन यायला सांगा. पैशांखेरीज काय करता येतं हे त्याला कळेल.

ज्या घरी रुग्ण सासू किंवा आई आहे, त्या वाचकांसाठी एक ओळ: तिथे ‘परका हात’ हा वाद सहसा होतच नाही, कारण बाई आहे, बाईचं बाई करेल असं धरलेलं असतं. तुम्हीही वही करा, आणि शेवटचा रकाना गाळू नका.

ताई, सुटलेल्या तासांचा हिशेब कोणाला देऊ नका. एक तास झोपा, एक तास मशीन. कायमचं उदास वाटत असेल, रडू आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

घाई एकाच गोष्टीची आहे. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा पोळा होऊन गेलेला असेल. वही या आठवड्यात, यजमानांशी बोलणं पुढच्या, आणि माणूस सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या पूजेच्या, आत ठरवा. एकदा पऱ्हाटी फुटून वेचणी लागली की गावात रिकामा हात मिळत नाही, आणि सकाळी दहाला यजमान तुम्हालाही वावरात चला म्हणतील.